अपग्रेडमध्ये पुन्हापुन्हा येणारा ‘ही फाईल बदललेली आहे’ हा प्रश्न: डेबियन आणि उबुंटूवर काय करायचं

लक्षणं ओळखीची आहेत. लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस नवी करणारी ‘ॲप्ट अपग्रेड’ ही कमांड मध्येच थांबते आणि विचारते: ही कॉन्फिगरेशन फाईल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली दिसते, पॅकेज देणाऱ्यानेही तिची नवी आवृत्ती पाठवली आहे, आता काय करू? खाली वाय, एन, डी, झेड अशी अक्षरं असतात. बहुतेक जण एंटर दाबून मोकळे होतात आणि पुढच्या एखाद्या अपग्रेडला त्याच फाईलवरून तोच प्रश्न येतो. कधी उलट होतं: घाईत वाय दाबलं जातं आणि एसएसएचचा (दूरवरून लॉगिन करण्याच्या सेवेचा) पोर्ट, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची अपलोड मर्यादा, सगळं मूळपदावर जातं. तिसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यात प्रश्न दिसतच नाही. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागताहेत असं आपण धरून चालतो आणि एखादं पॅकेज महिनोन्महिने जुन्याच आवृत्तीवर अडकून पडलेलं असतं.

तिन्हींचं मूळ एकच आहे. पॅकेजने दिलेल्या फाईलमध्ये आपण थेट बदल केलेले असतात. ते बदल तिथून बाहेर काढून स्वतःच्या वेगळ्या फाईलमध्ये नेईपर्यंत हा त्रास संपत नाही, मग प्रत्येक वेळी कितीही विचार करून उत्तर द्या. पण समोर आत्ताच प्रश्न येऊन उभा असेल तर आधी त्याचं बघू.

डीपीकेजी काय ताडून पाहतं

पॅकेजमधल्या ज्या फाईली ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये जातात त्यांना डेबियनमध्ये कॉनफाईल म्हणतात. अशा प्रत्येक फाईलचा एमडी५ सम (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन, ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या फाईलमध्ये नोंदवून ठेवतं. अपग्रेडच्या वेळी तीन गोष्टी ताडल्या जातात: मागच्या वेळी पॅकेजने दिलेल्या फाईलचा सम, आत्ता डिस्कवर असलेली फाईल आणि नव्या पॅकेजमधली फाईल. तुम्ही काही बदललं नसेल तर नवी फाईल गुपचूप बसते. पॅकेजवाल्याने काही बदललं नसेल तर तुमची फाईल गुपचूप तशीच राहते. दोघांनीही बदल केला असेल तेव्हाच प्रश्न येतो. म्हणजे प्रश्न आला याचा अर्थ दोन्हीकडे काहीतरी वाचण्यासारखं आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो माहीत नसल्यामुळे फार गोंधळ होतो. डीपीकेजीकडे जुन्या मूळ फाईलचा फक्त सम असतो, मजकूर नसतो. त्यामुळे डी दाबल्यावर दिसणारा फरक तुमची फाईल आणि नवी फाईल या दोघींमधलाच असतो. वजा चिन्हाची ओळ म्हणजे ‘ती तुमच्याकडे आहे, नव्या फाईलमध्ये नाही’, इतकंच. ती तुम्ही कधीतरी घातली होती की जुन्या मूळ फाईलमध्ये होती आणि आता पॅकेजवाल्याने काढली, हे त्या फरकावरून कळत नाही. अधिक चिन्हाचंही तसंच: ती ओळ नवीन असेल, किंवा तुम्हीच पूर्वी मुद्दाम उडवलेली असेल. नीट निर्णय घ्यायचा तर जुनी मूळ फाईल हाताशी हवी.

ती मिळवणं अवघड नाही. जुन्या आवृत्तीची डेब फाईल (पॅकेज याच रूपात उतरतं) अजून ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्हज’ मध्ये असेल तर ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ ने ती एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा. इन्स्टॉल न करता फक्त फाईली बाहेर येतात. अपग्रेड सुरू करण्याआधी सवड असेल तर आणखी सोपं: ‘ॲप्ट डाउनलोड’ ला पॅकेजचं नाव आणि सध्याची आवृत्ती द्या. मग ‘डिफ३’ किंवा ‘विमडिफ’ मध्ये जुनी मूळ, तुमची आणि नवी मूळ अशा तिन्ही शेजारी लावा. आपले बदल दोन-चार ओळींचेच आहेत आणि बाकी सगळा फरक पॅकेजवाल्याने टिपणं सुधारल्याचा आहे, हे बहुतेक वेळा लगेच दिसतं.

प्रश्न समोर असताना

झेड हा पर्याय सर्वांत कमी वापरला जातो आणि सर्वांत उपयोगी आहे. तो शेल उघडून देतो आणि अपग्रेड तिथेच थांबून राहतं. तुमची फाईल आधी ईटीसीच्या बाहेर, म्हणजे रूटच्या होम फोल्डरमध्ये, ‘सीपी -ए’ ने कॉपी करा म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतात. नवी फाईल मूळ जागी शेजारीच ‘.डीपीकेजी-न्यू’ या शेवटाने ठेवलेली असते, तीही वाचून घ्या. बाहेर यायला ‘एक्झिट’, आणि तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

एन किंवा ओ दाबलंत तर तुमची फाईल राहते आणि नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने बाजूला पडते. वाय किंवा आय दाबलंत तर नवी बसते आणि तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ नावाने उरते. काहीच न सांगता एंटर दाबलं तर एन धरलं जातं. मला विचाराल तर सर्व्हरवर, दूरवरून काम करताना, त्या क्षणी एनच बरोबर. चालू असलेली सेवा अपग्रेडच्या मधोमध बदलायची नसते. फक्त बाजूला पडलेली डिस्ट फाईल म्हणजे आपल्यावर राहिलेलं काम आहे आणि ते त्याच दिवशी करायचं आहे.

अपग्रेड स्क्रिप्टमधून चालवलं असेल तर वेगळी चूक दिसते. इनपुट द्यायला कोणी नसल्यामुळे डीपीकेजी ‘कॉनफाईलच्या प्रश्नावर इनपुट संपलं’ अशा अर्थाची तक्रार करून थांबतं आणि पॅकेज अर्धवट राहतं. ‘डेबियन_फ्रंटएंड’ ला ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ केलं तरी हे का होतं, असं सारखं विचारलं जातं. कारण तो व्हेरिएबल डेबकॉन्फसाठी, म्हणजे इन्स्टॉलच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या वेगळ्या यंत्रणेसाठी आहे, डीपीकेजीचा हा प्रश्न डेबकॉन्फमधून येत नाही. डीपीकेजीला ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. ॲप्टमधून तो ‘-ओ’ लावून ‘डीपीकेजी::ऑप्शन्स::’ या नावाने जातो. अर्धवट राहिलेलं आधी ‘डीपीकेजी --फोर्स-कॉन्फओल्ड --कॉन्फिगर -ए’ ने पूर्ण करा. या पर्यायाने सगळ्याच फाईली गोठतात असा एक समज आहे, तो बरोबर नाही. तुम्ही न बदललेल्या फाईली नेहमीसारख्या नव्या होतात, वादातल्या तेवढ्या जुन्या राहतात. ‘--फोर्स-कॉन्फन्यू’ मात्र चालू सर्व्हरवर डोळे मिटून कधीही देऊ नका.

प्रश्न निळ्या चौकटीत, यादीच्या रूपात आला तर तो यूसीएफ नावाच्या वेगळ्या साधनाचा आहे. ओपनएसएसएच सर्व्हरची ‘एसएसएचडी_कॉन्फिग’, ग्रबची ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’, पीएचपीची ‘पीएचपी.आयएनआय’ या फाईली तो सांभाळतो. त्याच्या उरलेल्या फाईलींचा शेवट ‘.यूसीएफ-डिस्ट’ आणि ‘.यूसीएफ-ओल्ड’ असा असतो. हा प्रश्न डेबकॉन्फमधून येतो, त्यामुळे नॉनइंटरॲक्टिव्ह असताना यूसीएफ काही न विचारता तुमची फाईल ठेवून पुढे जातो. सोय आहे, पण फरक राहून गेल्याचं कळतही नाही. या फाईलींची कोरी प्रत मात्र शोधावी लागत नाही: एसएसएचची ‘/यूएसआर/शेअर/ओपनएसएसएच’ मध्ये आणि ग्रबची ‘/यूएसआर/शेअर/ग्रब/डीफॉल्ट’ मध्ये असते.

‘जुनीच ठेवली, काही बिघडलं नाही’

बिघडतं, फक्त उशिरा. एसएसएचचंच घ्या. ओपनएसएसएच ८.२ या २०२० च्या आवृत्तीपासून एसएसएचडीच्या फाईलमध्ये ‘इन्क्लूड’ ही ओळ लिहिता येते आणि डेबियन ११ पासून मूळ फाईलमध्ये ती वरच्या बाजूलाच असते. तिच्यामुळे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाईली वाचल्या जातात. डेबियन १० पासून दर अपग्रेडला ‘जुनीच ठेव’ म्हणत आलेल्या सर्व्हरवर ती ओळ नसते. मग कोणीतरी त्या फोल्डरमध्ये पासवर्डने लॉगिन बंद करणारी फाईल टाकतं, सेवा रीस्टार्ट करतं, कुठलीही चूक दिसत नाही आणि पासवर्डचं दार उघडंच राहतं.

दुसरं उदाहरण मेलचं. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आलं आणि त्याची कॉन्फिगरेशन लिहिण्याची पद्धत २.३ शी जुळत नाही. सुरुवातीला ‘डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन’ ही ओळ हवीच. तिथे जुनी फाईल ठेवली तर डव्हकॉट सुरूच होत नाही. याच डेबियन १३ मध्ये ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ ही फाईल बूटच्या वेळी वाचणं बंद झालं. तिच्यात वर्षानुवर्षं जपलेल्या कर्नलच्या सेटिंग कोणताही प्रश्न न येता निरुपयोगी होतात, त्या ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरमध्ये, शेवटी ‘.कॉन्फ’ असलेल्या फाईलमध्ये न्याव्या लागतात. पीएचपीत तर प्रत्येक आवृत्तीचं फोल्डरच वेगळं. डेबियन ११ वरून १२ वर गेलं की पीएचपी ७.४ चं ८.२ होतं आणि नवी, कोरी आयएनआय फाईल बसते. जुने बदल जुन्याच फोल्डरमध्ये पडून राहतात. मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी डेबियनच्या रिलीज नोट्स वाचायच्या त्या मुख्यतः यासाठी.

अपडेट आपोआप लागत नसतील तर

‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज उतरवलेल्या डेब फाईली आधी तपासतं. एखाद्या पॅकेजमुळे कॉनफाईलचा प्रश्न येणार असं दिसलं तर ते पॅकेज सरळ वगळतं, कारण रात्री उत्तर द्यायला कोणी नसतं. ‘/व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मधली लॉग फाईल उघडा आणि ‘कॉनफाईल प्रॉम्प्ट’ हे शब्द शोधा. अमुक पॅकेज हाताने अपग्रेड करावं लागेल, अशी ओळ तिथे रोज उमटत असते आणि ती कोणी वाचत नाही. नेमकी वेब सर्व्हरसारखी, बाहेरच्या जगाला तोंड देणारी पॅकेजेस यात अडकतात, कारण आपण सर्वांत जास्त बदल तिथेच केलेले असतात. म्हणून हा मुद्दा मी सुरक्षेचा मानतो, नीटनेटकेपणाचा नाही. हे एकदा हाताने अपग्रेड करून तात्पुरतं सुटतं. कायमचं सोडवायचं तर पुढचा भाग करा.

कायमचा उपाय: आपले बदल वेगळ्या फाईलमध्ये

कुठल्या मूळ फाईली बदललेल्या आहेत हे आधी कळायला हवं. ‘डेबसम्स’ पॅकेज टाकून ‘डेबसम्स -सीई’ चालवा. बदललेल्या कॉनफाईलींची यादी मिळते. यूसीएफच्या फाईली या यादीत येत नाहीत, त्या वरच्या कोऱ्या प्रतींशी ‘डिफ’ ने ताडून बघाव्या लागतात. मग प्रत्येक फाईलसाठी आपल्या खऱ्या बदलाच्या ओळी तेवढ्या उचलून ‘.डी’ फोल्डरमध्ये (वरच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ सारख्या) स्वतःच्या नावाची फाईल करायची आणि मूळ फाईल जशी पॅकेजने दिली तशी परत बसवायची. पुढच्या वेळी डीपीकेजीला ती न बदललेली दिसते आणि प्रश्नच उरत नाही.

मात्र प्रत्येक कार्यक्रमाचे नियम वेगळे आहेत आणि सारी गडबड इथेच होते. एसएसएचडीमध्ये एखाद्या सेटिंगची पहिली भेटलेली किंमत चालते, नंतरच्या दुर्लक्षित होतात. फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. अनेक क्लाऊड इमेजमध्ये ‘५०-क्लाऊड-इनिट.कॉन्फ’ ही फाईल आधीच असते आणि ती पासवर्डचं लॉगिन चालू ठेवू शकते. तुम्ही ‘९९-’ ने सुरू होणारी फाईल केलीत तर ती हरते. तिथे ‘१०-’ सारखा लहान आकडा द्या. ॲप्ट, सिसकंट्रोल आणि सिस्टमडीमध्ये (सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेत) नेमकं उलट: नंतरची किंमत जिंकते, म्हणून मोठा आकडा. ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ला हात न लावता ‘५२अनअटेंडेड-अपग्रेड्स-लोकल’ करणं ही रूढ पद्धत आहे.

सुडोमध्ये (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडमध्ये) आणखी वेगळा नियम: ‘सुडोअर्स.डी’ मधल्या ज्या फाईलच्या नावात टिंब आहे ती वाचलीच जात नाही. सवयीने शेवटी ‘.कॉन्फ’ लावलंत की नियम लागू होत नाही आणि तक्रारही येत नाही. ही फाईल नेहमी ‘व्हीसुडो -एफ’ नेच उघडा. सिस्टमडीच्या सेवांसाठी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरलं की ‘ओव्हरराइड.कॉन्फ’ योग्य जागी आपोआप तयार होते. ‘एक्झेकस्टार्ट’ बदलायचं असेल तर आधी ती ओळ रिकामी लिहून मग नवी लिहायची, नाहीतर सर्वसाधारण सेवा दोन कमांड नाकारते. एनजिनएक्समध्ये ‘कॉन्फ.डी’ मधून फक्त ‘.कॉन्फ’ शेवट असलेल्या फाईली घेतल्या जातात, पण डेबियनच्या मांडणीत ‘साइट्स-एनेबल्ड’ मधलं सगळं घेतलं जातं. तिथे हाताने ‘.बॅक’ प्रत काढून ठेवली तर तीही चालू होते आणि डीफॉल्ट सर्व्हर दोनदा आल्याची चूक येते. प्रती ईटीसीच्या बाहेर ठेवा हे म्हणूनच सांगितलं.

ज्यांना ‘.डी’ फोल्डरची सोय नाही अशा फाईली उरतात. त्यांच्यासाठी प्रश्न येत राहणार, तेवढ्यांचं हाताने जुळवून घ्यायचं. अशा फाईली थोड्या असल्या की ते काम जड जात नाही.

बदल लागू करताना

रीस्टार्टच्या आधी तपासणी, हे प्रत्येक वेळी. एनजिनएक्सला ‘-टी’, अपाचीला ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’, सुडोला ‘व्हीसुडो -सी’, पोस्टफिक्सला ‘पोस्टफिक्स चेक’. एसएसएचडीला लहान अक्षरातला टी (-t) दिला तर फक्त लिखाण तपासलं जातं. मोठ्या अक्षरातला टी (-T) दिला तर सगळ्या फाईली एकत्र करून प्रत्यक्षात लागू होणारी किंमत दिसते. वर सांगितलेली इन्क्लूड नसल्याची किंवा क्रम चुकल्याची अडचण या मोठ्या टीनेच पकडता येते.

एसएसएच बदलताना चालू जोडणी बंद करू नका. एसएसएचडी रीस्टार्ट झालं तरी आधीची सत्रं तुटत नाहीत. दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन करून बघा, ते झालं की मगच पहिलं सोडा. सर्व्हर लांबच्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि कन्सोलची सोय नसेल तर परतीची वाट आधी बांधा: ‘सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह’ ला दहा मिनिटं देऊन जुनी प्रत परत ठेवून एसएसएच रीस्टार्ट करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. सगळं ठीक असेल तर तो टायमर थांबवायचा. उबुंटूवर आणखी एक गाठ आहे: २२.१० पासून तिथे एसएसएच सॉकेटने सुरू होतं, म्हणजे पोर्टवर सिस्टमडी ऐकतं आणि जोडणी आली की सेवा सुरू करतं. २४.०४ मध्ये पोर्ट बदललात तर ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ करून ‘एसएसएच.सॉकेट’ ही रीस्टार्ट करावं लागतं, नुसत्या सेवेच्या रीस्टार्टने नवा पोर्ट उघडत नाही.

या सगळ्याला इतिहासाची जोड हवी, त्यासाठी ‘ईटीसीकीपर’ टाका. जोई हेस यांनी लिहिलेलं हे साधन ईटीसी फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवतं, ॲप्ट चालण्याआधी आणि नंतर आपोआप कमिट करतं आणि गिट ज्या मालकी-परवानग्या नोंदवत नाही त्या वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. अपग्रेडने काय बदललं हे मग एका ‘गिट डिफ’ मध्ये दिसतं. जुनी मूळ फाईल शोधण्याचा वर सांगितलेला खटाटोपही वाचतो, कारण इन्स्टॉलच्या वेळची प्रत इतिहासातच असते. मात्र या गिटमध्ये पासवर्डचे हॅश असलेली ‘शॅडो’ फाईल आणि खासगी किल्ल्याही असतात. तो साठा बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरवर, खासगी म्हणवणाऱ्यासुद्धा, विचार न करता पुश करू नका.

उरलेल्या फाईली शोधायला ‘फाइंड’ ला ईटीसी फोल्डर देऊन ‘*.डीपीकेजी-*’ आणि ‘*.यूसीएफ-*’ ही नावं शोधायला सांगा. यादी रिकामी येईपर्यंत अपग्रेड पूर्ण झालं असं मी मानत नाही. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुटुंबात हेच ‘.आरपीएमन्यू’ आणि ‘.आरपीएमसेव्ह’ नावांनी दिसतं, तिथे ‘आरपीएमकॉन्फ’ आहे. आर्चवर ‘.पॅकन्यू’ आणि ‘पॅकडिफ’, जेंटूवर ‘डिस्पॅच-कॉन्फ’. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलते, जुळवण्याचं काम तेच राहतं.

आता या विषयात हमखास येणारी एक अडचण: मूळ फाईलच पुसली गेली आणि पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केलं तरी ती परत येत नाही. हा बिघाड नव्हे. कॉनफाईल पुसणं हाही तुमचा बदल आहे असं डीपीकेजी समजतं आणि तो जपतं. ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ करताना वरच्याच पद्धतीने ‘--फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय पाठवा, हरवलेली फाईल परत येते. फाईल आहे पण कोरी हवी असेल तर त्याऐवजी ‘--फोर्स-कॉन्फआस्क’ द्या, म्हणजे पॅकेजची आवृत्ती बदललेली नसतानाही प्रश्न विचारला जातो आणि तिथे वाय म्हणता येतं. ‘ॲप्ट पर्ज’ करून पुन्हा टाकण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, पण डेटाबेसच्या पॅकेजवर तो चालवू नका. पर्जमध्ये कॉन्फिगरेशनबरोबर ‘/व्हार/लिब’ मधला डेटाही जाऊ शकतो.